धुराची रेघ

ताईच्या पाळणाघरात मोठा एअर प्युरिफायर बसवून झाला. उद्यापासून मुलं त्या खोलीत झोपणार होती. यंत्र हवा नीट खेचतंय का, हे पाहायला मेकॅनिकने दारापाशी धुराची कांडी पेटवली.

धुराची रेघ यंत्राकडे निघाली. पण रिकाम्या खोलीच्या मधोमध तिला दोन फाटे फुटले आणि हातभर पुढे ते पुन्हा जुळले. ओढ्याचं पाणी दगडाला वळसा घालतं, तसे.

"कुणीतरी फुकटची हवा खात उभं आहे," मेकॅनिक हसत म्हणाला.

ताई मला गमतीने शास्त्रज्ञ म्हणते, ते उगाच नाही. मी पंखा बंद केला, खिडकी लावली. रेघ तिथेच फुटत राहिली. खऱ्या माणसाभोवती ती कशी फुटते, हे ताडून पाहायला मी स्वतःच त्या जागी उभा राहिलो.

धूर माझ्या छातीपर्यंत आला. मी वळून मागे पाहिलं. माझ्या पाठीतून निघून तो सरळ यंत्रात जात होता.

"झाली की सरळ," मेकॅनिक म्हणाला.

ताई दारात आली. "आमचा शास्त्रज्ञ कुठे गेला?"

"आत्ता तर इथेच होते."

"बरं, मग उद्या मुलांना झोपवू ना इथे?"

"नको, ताई," मी म्हणालो.

"खुशाल झोपवा," मेकॅनिक म्हणाला.