घामाचा शब्द

सकाळपासून तिचं घोडं एकाच शब्दापाशी अडलं होतं. एका कंपनीचं इंग्रजी पत्रक तिच्या नॉर्वेतल्या भागधारकांसाठी नॉर्वेजियनमध्ये करायचं होतं आणि त्यातल्या ‘प्रॉफिट’ला कुठला शब्द द्यावा, हे काही केल्या ठरत नव्हतं.

नवरा कामावरून आला तसा तिनं लॅपटॉप अर्धा मिटला. त्यानं पॅकिंग विभागाचं ओळखपत्र खिळ्याला अडकवलं. काम कुठल्या कंपनीचं, हे त्यानं विचारलंच नाही. गुप्ततेच्या करारावर सही केली की बायकोच्या तोंडाला कुलूप लागतं, हे त्याला पाठ होतं.

“तोंड का पाडून बसलीयस?”

“‘प्रॉफिट’ला तीन शब्द आहेत. एक खर्च वजा जाता उरलेल्या पैशासाठी, एक नशिबानं हाती लागलेल्या घबाडासाठी आणि एक घाम गाळून कमावलेल्यासाठी.”

“मग घामाचा टाक की. कुणाचं तरी भलंच होतंय ना?” स्वारी आज खुशीत होती. “आमचे साहेबसुद्धा आज कधी नव्हे ते एकेकाच्या बायकापोरांची चौकशी करत होते.”

शीळ घालत तो हातपाय धुवायला गेला. तिनं लॅपटॉप उघडला, खिळ्यावरच्या ओळखपत्राकडे एकदा पाहिलं आणि तीनपैकी पहिला शब्द टाकून वाक्य पुरं केलं.



‘पॅकिंग विभाग या महिनाअखेरीस बंद केल्यामुळे आपल्या कंपनीला भरघोस नफा होईल.’