पालथे पेले

"दुर्गे, काचेचे पेले कुठे ठेवलेस गं?" मंदाकाकू फडताळात हात घालून विचारत होत्या. "एक म्हणून सापडत नाहीये. सगळेच्या सगळे गायब!"

सुतकामुळे घरात चूल पेटत नव्हती. शेजारच्या विजयाबाईंनी घरच्यांसाठी चहाची किटली आणून ठेवली होती. काका अस्थी वेचायला घाटावर गेले होते. बाहेरच्या खोलीत माधवराव बसले होते, बाबांच्याच खात्यातले. भेटायला म्हणून आले होते आणि आल्यापासून बोलतच होते.

"किती वेळा समजावलं मी तुझ्या बाबांना. म्हटलं, गोपाळकृष्णा, पागेच्या कुरणात इतक्या जातीच्या रानमधमाश्या आहेत, मान्य. पण भोपाळच्या नव्या सरकारला टाचणीला लावलेली माशी लागते. पाहिली, टिपली, सोडून दिली, असल्या पाहणीला तिथे कोण विचारतं? संस्थानाचा दरबार होता तोवर माणसाच्या शब्दावर चालून गेलं. आता नमुने नाहीत म्हणजे माश्या नाहीत, आणि माश्या नाहीत म्हणजे कुरण पडीक. घोडे गेले, पागा मोडली. आता नांगर फिरायचा तेवढा उरलाय."

"त्यांना मारवत नसे," दुर्गा म्हणाली.

"तेच तर म्हणतोय मी."

आणि तेवढ्यात तिला आठवलं, पेले कुठे आहेत ते.

बाबांची रीतच होती ती. कुरणातल्या या माश्या पोळं करत नाहीत, मातीत बीळ करून एकेकट्या राहतात. दिवस मावळताना बाबा एकेका बिळावर काचेचा पेला पालथा घालून यायचे. सकाळी ऊन चढलं की माशी वर यायची आणि पेल्यात अडकायची. बाबा वाकून नीट बघायचे, काय ते टिपून घ्यायचे आणि पेला उचलायचे. त्या संध्याकाळीही ते पेले घालूनच परतले होते. सायकल भिंतीला लावली, छातीत दुखतंय म्हणाले, आणि सकाळ काही त्यांनी पाहिली नाही. पेले तेव्हापासून पालथेच होते.

तिने चपला घातल्या.

"अगं, सुतकात कुठे निघालीस? आज तिसरा दिवस! लोक काय म्हणतील?"

"येतेच काकू. चहा फुलपात्रांतून द्या."

नाक्यावर टांगा मिळाला. किल्ला मागे पडला, बिर्लानगरच्या मिलची चिमणीही मागे पडली. वाटभर तिच्या मनात एवढंच होतं, की बाबांच्या हातून आजवर एक माशी मेली नव्हती. त्यांच्या हातचं शेवटचं काम जीवघेणं ठरू नये.

कुरणात रामकली गुजरीण काठी आडवी धरून बसली होती. तिच्या एका बाजूला म्हशी होत्या, दुसऱ्या बाजूला उन्हात चमकणारे पेले.

"आ गईं बिटिया? हम तो भैंसें रोके बैठे हैं. नहीं तो एक गिलास साबुत न बचता. बाबूजी कहाँ रह गए?"

दुर्गाने मान हलवली. रामकलीने तिच्या कुंकू नसलेल्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं आणि पदर डोक्यावर ओढून घेतला. म्हणाली, "हमने छुए नहीं. बाबूजी मना करते थे."

पहिल्या पेल्याखाली माशी उताणी पडली होती, पाय पोटाशी घेतलेले. दुसऱ्याखालीही तेच. तिसऱ्यात काहीच नव्हतं. काठाला लागून ताजी माती वर आली होती, म्हणजे माशी पोखरून बाहेर पडली होती. दुर्गाने त्या मातीवरून बोट फिरवलं. मग ती पुढे सरकली. एक तांबूस, एक पार काळी, एकीच्या पायाला पिवळे पराग अजून तसेच. मेलेली प्रत्येक माशी तिने रुमालात घेतली. रुमाल भरत आला तेव्हा तिच्या लक्षात आलं, की हेच नमुने तर भोपाळला हवे होते. बाबांना जन्मात जमलं नसतं ते झालं होतं. तिने रुमालाला गाठ मारली. रडू आलं नाही. आलं असतं तर बरं वाटलं असतं.

शेवटचा पेला बाभळीच्या सावलीत होता. आतली माशी काचेवर चढत होती आणि घसरत होती. पोटावर निळे पट्टे. बाबा हिच्याविषयी जेवता जेवता हात थांबवून बोलायचे. सबंध कुरणात ही दुसरीकडे कुठे दिसली नव्हती. इतर सगळ्यांपेक्षा हिचाच नमुना वजनदार ठरला असता. माशीची ताकद संपतच आली होती. नमुना मिळवायला काही करायचं नव्हतं, फक्त संध्याकाळपर्यंत थांबायचं होतं.

"यह भी गई क्या?" रामकलीने विचारलं.

"नहीं. यह है."

दुर्गा पेल्यावर हात ठेवून बसली. म्हशी चरत चरत लांब गेल्या. मग तिने पेला उचलला आणि बोट पुढे केलं. माशी लडखडत नखावर चढली. दुर्गाने हात हळूच सावलीबाहेर, उन्हात नेला. माशी तिथेच बसून राहिली.

"हाथ झटक दो बिटिया, उड़ जाएगी."

"नहीं. जब जाना होगा, जाएगी."

रामकली वाकून बघत होती. आपली सावली माशीवर पडते आहे हे तिच्या ध्यानात आलं, तशी ती बाजूला सरकली.