कमरेवरचं नाव
बारांकिया शहरातल्या प्रसूतिगृहात युर्लेदिस कळांनी कळवळत होती. तिच्या कमरेवर जुन्या प्रियकराचं नाव गोंदलेलं होतं, फाबेर. लग्नापासून ते नवऱ्याच्या, एदिल्सनच्या, डोळ्यांत सलत होतं. भूल देणारा तरुण डॉक्टर म्हणाला, “कमरेत सुई देतो, त्रास कमी होईल.” “मला नाही चालत,” ती रडली. “गोंदणातून सुई टोचली की पाय कायमचे जातात.” “कुणी सांगितलं?” “नवऱ्याने. दिवस राहिल्यापासून मागे लागलाय, नाव पुसून घे म्हणून.” डॉक्टर हसला. “अहो, जुनं, बरं झालेलं गोंदण आहे. शाई नसलेल्या जागी टोचतो.” युर्लेदिसने खाटेशेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. “मेल्या, त्या नावापायी मला एवढं सोसायला लावलंस? हो बाहेर!” तो बाहेर गेला. थोड्या वेळाने आतून तिचं खळखळून हसणं ऐकू आलं. सोबत डॉक्टरचंही. दाराला कान लावलेला एदिल्सन आता डॉक्टरवर जळू लागला.