वीस किलो

भावाची सीट शर्यतीच्या गाडीतून उपसून भिंतीला टेकवली, पण ती उभी राहीना. त्याच्या पाठीच्या, कमरेच्या मापानं ओतलेली ती. सपाट भिंतीशी तिचं जमत नव्हतं. शेवटी थोरल्या मेकॅनिकनं तिच्याखाली चिंधी सरकवली. उंच, हडकुळा आणि मानेशी वाकलेला, म्हणून त्याला सगळे पाना म्हणत.

"पाहुणा आला नाही तोच यजमानाचा बिछाना बाहेर," पाना म्हणाला.

पाहुणा, म्हणजे गिऱ्हाईक, गॅरेजच्या दाराशी उभा होता. त्याची स्वतःची एक टीम होती, शर्यती जिंकणारी. आता ही दुसरी विकत घ्यावी की नाही, ते बघायला तो आपला ड्रायव्हर घेऊन आला होता. सकाळी बाबांना त्यानं सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं, "वर्षभर तुम्ही शेवटून पहिले येताय. खोट गाडीत आहे की पोरात, एवढंच मला बघायचंय. माझा माणूस हीच गाडी पळवेल, पेट्रोलही तेवढंच. त्यालाही जमलं नाही, तर गाडी भंगार. मग फक्त पोराला मी माझ्याकडे नेतो. त्याला जमलं, तर टीम घेतो, माणसांसकट. ड्रायव्हर मात्र माझा."

बाबांनी मान हलवली. ते मालक होते, पण मान हलवण्यापलीकडे त्यांच्या हातात काही उरलं नव्हतं.

भावानं आपली फेरी सीट निघण्याआधीच मारली होती. नीट, एकही चूक न करता. आता त्यानं बहिणीला टायरच्या खोलीत गाठलं.

"ताई, पेट्रोल तूच भरणार ना?"

"मग आणखी कोण?"

"वीस किलो जास्त भर."

ती टीमची इंजिनिअर होती. इथे पेट्रोल लिटरवर नाही, वजनावर मोजत, आणि ते काम ती दुसऱ्या कुणावर टाकत नसे. "डोकं फिरलंय का तुझं? टीम बंद पडेल. चाळीस माणसं आहेत बाहेर."

"गाडी भंगारच आहे. वर्षभर कानीकपाळी ओरडतोय मी. जे आहे ते त्याला दिसू दे, एवढंच म्हणतोय."

"जे आहे ते दिसायला वीस किलो कशाला लागतात?"

भाऊ टायरवर चिकटलेली खडी नखानं काढत राहिला. "तू माझी बहीण आहेस की त्यांची इंजिनिअर?" तो म्हणाला आणि निघून गेला.

दहा किलो वजन वाढलं की फेरीमागे तीन दशांश सेकंद जातात. वीस किलो म्हणजे सहा. गाडीत जेवढी धाव होती आणि भाऊ तिच्यातून जेवढी काढत होता, त्यातला फरकही तिच्या हिशेबानं साधारण तेवढाच होता. म्हणजे दोघं बरोबरीत सुटले असते. काटा ठरलेल्या आकड्यावर आला. तिनं नळीवरची मूठ सोडली नाही.

पाहुण्याचा ड्रायव्हर बाहेर पडला. पहिली फेरी त्यानं टायर तापवण्यात घालवली. दुसरी संपली आणि फलकावर आकडा उमटला. भावापेक्षा चार दशांश कमी.

पान्यानं शिट्टी मारली. बाबा हत्यारांच्या पेटीवर मटकन बसले आणि दोन्ही हातांनी चेहरा पुसू लागले. कुणीतरी तिच्या पाठीवर थाप मारली. ती बेरीज करत होती. चार आणि सहा. अख्खा सेकंद.

ड्रायव्हरनं हेल्मेट काढलं. "गाडी झकास आहे. मागून जरा जड लागते, एवढंच."

गिऱ्हाईक तिच्याकडे वळला. "टाकीत किती होतं?"

"ठरलं होतं तेवढंच," बाबाच बोलले. "माझी मुलगी ग्रॅमचीही चूक करत नाही."

तिनं फलकावरची नजर हलवली नाही.

"वीस किलो जास्त होतं," भाऊ म्हणाला. "मी भरायला लावलं."

ती बोलणी खायला तयार होऊन उभी राहिली. पण गिऱ्हाईक रागावला नाही. त्याचे ओठ हलत होते; तोही तीच बेरीज करत होता. मग त्यानं गाडीवरून पुढून मागे, सावकाश नजर फिरवली.

"म्हणजे ही अजून पळेल," तो म्हणाला, आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना ऑफिसकडे घेऊन गेला. वीस किलोंचा जाब त्यानं विचारला नाही. भावाकडे पाहिलंही नाही. पाना आणि बाकीचे हळूहळू त्यांच्या मागोमाग गेले. बाबांनी दारातून एकदा वळून बघितलं.

भाऊ एका आडव्या टायरवर बसला. "ताई, कुठे जातो गं एवढा सेकंद?"

वर्षभर हा प्रश्न त्यानं विचारला नव्हता, आणि तिनंही आपणहून सांगितलं नव्हतं.

"डावीकडच्या लांब वळणावर," ती म्हणाली. "मागच्या वर्षी तिथे भिंतीवर आदळलास ना, तेव्हापासून. दर वेळी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलतोस. मग पुढच्या सरळ रस्त्यावर वेग मिळतच नाही."

"मी? तिथे मी पाय उचलत नाही."

"उचलतोस रे."

"नाही उचलत. थांब, दाखवतोच."

त्यानं डोळे मिटले. दोन्ही हात छातीसमोर धरले, नसलेल्या स्टिअरिंगवर, आणि उजवा पाय जमिनीवर दाबला. ओठ घट्ट मिटून तो एकेक वळण घेऊ लागला. हात उजवीकडे, सरळ, पुन्हा उजवीकडे. मग सावकाश डावीकडे वळू लागले, आणि त्याच्या बुटाचं टोक जमिनीपासून बोटभर वर आलं. क्षणभर तसंच राहिलं. मग परत टेकलं.

त्यानं डोळे उघडले.

"बघितलंस ना?" तो म्हणाला. "जरासुद्धा नाही."