दोन पारड्यांचा तराजू

"काहून?" रक्षा मॅडमने विचारले, आणि अख्ख्या सातवीचे हात वर गेले.

एकही हात खाली नव्हता. खरे तर तिला आनंद व्हायला हवा होता, पण तिला ते खटकले. फळ्यावर x + 5 = 12 होते. उत्तर सात, हे कोणीही सांगेल. ते काहून, म्हणजे का, हे मुलांना कळावे म्हणून रक्षाने तीन वर्षे खस्ता खाल्ल्या होत्या. 'बाजू बदलली की चिन्ह बदला' हे पाठांतर तिला हद्दपार करायचे होते. त्यासाठी तिने पवनीला चाळीस शिक्षकांना प्रशिक्षण दिले. आज त्याची परीक्षा होती. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यामुळे उठून नव्या जागी वसलेल्या या गावात मुलांना 'का' सांगता आले, तर संध्याकाळी तिची अहवालावर सही आणि पुढच्या महिन्यापासून हेच प्रशिक्षण जिल्हाभर. नाही तर गाशा गुंडाळायचा.

पहिली उठली गुड्डी. "दोन्ही पारड्यांतून सारखेच वजन काढले तरी तराजू तोललेला राहतो, म्हणून दोन्ही बाजूंतून पाच वजा केले."

किती सुरेख! रक्षाला वाटले, पोरीला उचलून घ्यावे. मागे उभे असलेले ताराचंद सर मिशीत हसले. गणित त्यांच्याकडेच होते, गेली सव्वीस वर्षे; पवनीच्या त्या चाळिसांतले ते एक.

"आता तू सांग."

अमर उठला. तेच वाक्य. मग खिडकीजवळची एक मुलगी. पुन्हा तेच, 'म्हणून'च्या आधी तेवढेच थांबून. सांगताना तिघांपैकी एकानेही फळ्याकडे पाहिले नव्हते.

ती गुड्डीजवळ गेली. "तुझे बाबा काय करतात गं?"

"मासोळ्या विकते, मॅडम. बाजारात."

"मग त्यांच्या तराजूले पारडी किती?"

गुड्डी गोंधळली. "तराजू नाही जी, काटा आहे. वर मासोळी ठेवली का आकडा येते."

"दोन पारड्यांचा तराजू कोणी पाहिला?"

आता मात्र एकही हात वर आला नाही. पोरे एकमेकांकडे पाहू लागली. हा प्रश्न त्यांना कोणी सांगून ठेवला नव्हता.

रक्षाने फळा पुसला. पुढचे करायची तिला भीती वाटत होती. खरे सांगायचे तर इथेच थांबून सही करावी आणि घरी जावे, असेही तिच्या मनात येऊन गेले. तरी तिने लिहिले, 7 + 1 = 9.

"हे बरोबर आहे?"

"हो मॅऽडम!"

"काहून?"

एकतीस पोरे एका सुरात म्हणाली, "दोन्ही पारड्यांतून सारखेच वजन काढले तरी तराजू तोललेला राहतो, म्हणून दोन्ही बाजूंतून पाच वजा केले."

फळ्यावर पाच कुठेच नव्हता.

निदान सरांना तरी धक्का बसला असेल, म्हणून तिने मागे पाहिले. ताराचंद सर अजून हसत होते.

"सर, हे काय केलं तुम्ही?" तिचा आवाज चढला. "हे तर पुन्हा पाठांतरच झालं. समजून शिकवा म्हणून सांगितलं होतं ना मी?"

सरांचे हसू मावळले. चोरी पकडल्यासारखा नव्हे, मन दुखावल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

"मॅडम, माझ्या मनचं एक अक्षर नाही त्याच्यात. हे वाक्य तुम्हीच फळ्यावर लिहून देल्लं. आम्ही चाळीसही जणांनी उतरवून घेतलं. चाळीसही शाळाईत हेच म्हणवून घेऊन राहिलो." त्यांनी जरा आठवून पाहिले. "आमच्यातल्या पुष्पा मॅडमनं उठून इचारलं होतं तुम्हाले, काहून म्हणून. तुम्ही म्हणल्या, वेळ कमी आहे, आधी लिहून घ्या."