घायपाताचा देव

दिवा गावच्या खाडीकाठी नाथाने उभी हयात घायपाताचे दोर वळले, पण फुलोऱ्याच्या दांड्याला कधी कोयता लावला नाही. त्या फुलांतला मध प्यायला वटवाघळं येतात, त्यांच्यामुळेच बी धरतं आणि ती उपाशी गेली की घायपाताचा वंशच बुडाला, असं तो सांगे.

चाळींसाठी रान साफ करत पोपट मुकादम शेवटच्या रोपापाशी पोचला, तेव्हा त्याचा तीन पुरुष उंच दांडा कळ्यांनी लगडला होता. पंचक्रोशीत दुसरा फुलोरा उरला नव्हता. नाथाने गयावया केली, मग सरळ बुंध्याला शेंदूर फासला. आता हात लावायची मुकादमाची काय, त्याच्या मालकाचीही छाती होईना.

रोप वाचलं. चार दिवसांत तिथे घंटा आली, भोंगा आला, आणि पोपटाने भक्तिभावाने थेट दांड्यालाच चार ट्यूबलाइट बांधल्या. फुलं उमलली. दिवेलागणीला वटवाघळं यायची, त्या झगझगाटाला बिचकून एक घिरटी घालायची आणि उपाशीच परत फिरायची.

फुलं गळायला लागली तसं नाथाने पोपटाचे पाय धरले. "मुकादम, ट्यूबा काढ रे बाबा! देवबिव काय नाय तिथं. शेंदूर मीच फासलाय, आईशप्पथ!"

"ते माहितेय रे," म्हणत पोपटाने चपला काढल्या आणि हात जोडले. "पण नाथादादा, तुला फासायची बुद्धी कोणी दिली?"