राणीच्या पापण्या

"अंकल, जेंट्स अलाउड नहीं," थ्रेडिंगचा दोरा दातात धरूनच सुलू म्हणाली.

दारातले गृहस्थ आत आले नाहीत, पण परतही गेले नाहीत. चपला काढून उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"मला स्वतःसाठी काही नकोय. चौकशी करायचीय. त्या चिकटवायच्या पापण्या तुम्हीच लावता ना?"

मागच्या खुर्चीवरचं गिऱ्हाईक हसलं. नीलम मात्र हात पुसत पुढे आली. पूनम सागर वसाहतीत पार्लर टाकल्यापासून तिने बरंच काही शिकून घेतलं होतं, पण आयलॅश एक्स्टेन्शनचा कोर्स तिने नुकताच केला होता. मीरा रोडला हे काम करणारं तेव्हा फारसं कुणी नव्हतं. विचारायला येणाऱ्या बायका भाव ऐकून आयब्रो करून जायच्या. हा पहिलाच माणूस कामाबद्दल विचारत होता.

"लग्न आहे का घरात?"

"नाही. नाटक." गृहस्थ ताठ झाले. "मी गुणवंत राणे, बेव्हर्ली पार्कला असतो. आमच्या गावच्या मंडळाचा प्रयोग आहे शनिवारी, भाईंदरला. आमचं लेकरू राणीचं काम करतं."

ते 'राणीचं काम' अशा थाटात म्हणाले की नीलमला वाटलं, खरंच कुठलंतरी राज्य मिळालंय.

"मग एका प्रयोगासाठी साध्या स्ट्रिपच्या, अख्खी पट्टी चिकटवायच्या पापण्या लावा ना. स्वस्तात होईल."

"त्याच लावल्या होत्या मागच्या वेळी." त्यांचा आवाज खाली आला. "राजा मेल्यावर राणी रडते, असा प्रसंग आहे. माझं पोर रडतं तेव्हा खरं रडतं, मॅडम. घामाने आणि पाण्याने एक पापणी सुटली, गालावर येऊन बसली. लोक हसले. पण पोराने एक शब्द गाळला नाही, प्रवेश पुरा केला. घरी आल्यावर मात्र जेवलं नाही."

सुलूचा दोरा थांबला.

नीलमने बाहेर स्टूल नेऊन दिलं आणि स्वतः दारात उभी राहिली.

"हे बघा काका, यात एकेका खऱ्या पापणीवर एकेक खोटी चिकटवतात. बराच वेळ डोळे मिटून निजावं लागतं. मध्येच उघडले तर गोंद झोंबतो. जमेल?"

"जमेल. तासन्‌तास उभं राहायची सवय आहे. निजणं काय मोठंसं!"

"कॉन्टॅक्ट लेन्स आहेत?"

"छे. डोळे आईचे घेतलेत. मोठे, स्वच्छ."

"डोळे येणं, लाल होणं असलं काही?"

"नाइट असली की लाल होतात."

"कॉल सेंटर का?"

"नाही, नाही. सरकारी नोकरी आहे."

"नर्स?"

काका नुसते हसले. "लोकांची सेवाच म्हणा."

नीलमने मान डोलावली. "मग आधी झोप पुरी होऊ दे. आणि गुरुवारी इथे पाठवा. कानामागे थोडा गोंद लावून बघेन. खाज आली, पुरळ उठलं तर मी लावणार नाही, कितीही मोठा प्रयोग असू दे. सगळं ठीक असलं तर शुक्रवारी सकाळी लावू. दिवसभर पाणी लागू द्यायचं नाही. तेल नाही, काजळ नाही, चोळायचं तर मुळीच नाही."

"आणि शनिवारी रडलं तर?"

"शनिवारी खुशाल रडू दे. फक्त पुसताना टिपायचं, घासायचं नाही."

काका पुटपुटत सगळं पाठ करत होते. मग म्हणाले, "सोमवारी काढायच्या कशा?"

"माझ्याकडेच या. ओढून काढल्या तर खऱ्याही निघतील. पण काढता कशाला? दोन-तीन आठवडे टिकतात. ड्यूटीवरपण छान दिसतील."

"ड्यूटीवर?" काका इतक्या जोरात हसले की आतल्या बायका वळून बघायला लागल्या. "तिथे नाही चालायच्या हो!"

नीलमलाही हसू आलं. मग ती हळूच म्हणाली, "काका, माझ्या वडिलांनी माझ्या पार्लरचं दारही बघितलेलं नाही. त्यांना हे काम हलकं वाटतं. तुमची मुलगी नशीबवान आहे."

काकांनी आतल्या बायकांकडे एकदा पाहिलं.

"याआधी दोन ठिकाणी जाऊन आलो," ते म्हणाले. "तिथे पुरतं ऐकूनच घेतलं नाही. तुम्ही नाही म्हणणार नाही ना?"

"नाही कशी म्हणेन? मी स्वतः लावीन. शब्द देते तुम्हाला. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही राणीचे डोळे दिसले पाहिजेत."

काकांनी हात जोडले.

गुरुवारी नीलमने शेवटची अपॉइंटमेंट मोकळी ठेवली. खुर्चीवर धुतलेला टॉवेल घातला, चिमटे निर्जंतुक केले. सुलूही घरी जायचं सोडून थांबली होती. तिला राणी बघायची होती.

दिवे लागल्यावर बाहेर मोटरसायकल थांबली. दार ढकललं गेलं आणि सुलू दचकून उभी राहिली.

दारात खाकी गणवेशातला उंचापुरा हवालदार होता.

नीलमने झटकन भिंतीकडे पाहिलं. लायसन्स भिंतीवर होतं, भाडं भरलेलं होतं. कुणी तक्रार केली असेल? "साहेब, काही चुकलं का आमचं?"

हवालदाराने घाईघाईने टोपी काढून काखेत धरली. त्याच्या मागे गुणवंतकाका उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून, छाती पुढे काढून.

"चुकलं काही नाही, मॅडम," हवालदार म्हणाला आणि त्याने आपले मोठे, स्वच्छ डोळे खाली वळवले. "राणीचं काम मीच करतो."